सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन

रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात माती आणि ओल जागच्या जागी धरून ठेवण्याच्या उपायांचा अभ्यास. प्रारंभ पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ मध्ये झाला. १९३३ पासून सोलापूर व विजापूर ही त्याची मुख्य केंद्रे झाली. सोलापूरचे केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

सोलापुरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा वाईट नाही, पण हा पाऊस मोजक्या सरींत कोसळतो आणि उताराने माती घेऊन जातो. रब्बीचे पीक पुढे जमिनीत साठलेल्या ओलीवरच पोसायचे असते. म्हणून येथे पिकाइतकेच वाहून जाणारे पाणी आणि मातीही मोजली गेली.

या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ तयार झाली : समपातळी बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी. या संशोधनात काम केलेले एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. त्याआधी, १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला सरकारी बळ दिले होते.

बांधांची कथा मात्र सरळ नाही. हलक्या व मध्यम जमिनीत ते टिकले. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. ते बांधाच्या पोटाशी तुंबून तिथले पीक पिवळे पडे, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या जोरदार पावसात फुटे. म्हणजे बांधांविरुद्धची शेतकऱ्याची कुरकुर निव्वळ आडमुठेपणाची नव्हती. पुढे, विशेषतः १९७० च्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पानंतर, लक्ष दोन बांधांमधल्या रानाकडे वळले : पावसाळ्यात शेतात लहान लहान चौकोनी वाफे पाडून पाणी मुरवणे, सरी-वरंबे, आणि जमिनीच्या खोलीनुसार पीक व वाण.

कोळपणीचे वेळापत्रक हे या संशोधनाचे सर्वांत स्वस्त फळ. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे चालवायचे, पाचव्यात पासेचे, आठव्यात दातेरी. पहिल्या दोन पाळ्यांनी तण निघते आणि वरची माती भुसभुशीत होऊन ओलीवर पांघरूण बसते. तिसरी पाळी भेगा बुजवते. एरवी त्यांतूनच खालची ओल उडून जाते.