उन्हावरची चूल

चुलीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. राजांचा लिहितात, लढायांचा लिहितात, आगगाडीचा आणि तारायंत्राचाही लिहितात. पण ज्या तीन दगडांवर पिढ्यानपिढ्या भाकरी भाजली गेली, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. सीमाभागातल्या एका मराठी हायस्कुलात इतिहास शिकवण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की कोळसा येतो, वाफ येते, गिरण्या येतात; स्वयंपाकघर मात्र कुठेच येत नाही. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाच्या निमित्ताने एका चुलीचीच हकिकत सांगावी म्हणतो. ही चूल लाकडावर चालत नाही आणि कोळशावरही चालत नाही. ती उन्हावर चालते. आणि तिच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात लिहिले गेले आहे.

तसे पाहिले तर ऊन आपल्या स्वयंपाकघराला नवे नाही. सांडगे, कुरडया, पापड, आमसुले ही सारी उन्हाचीच लेकरे. गुलाबपाकळ्या आणि साखर बरणीत भरून उन्हात ठेवली की गुलकंद होतो. बडोद्याकडच्या आमच्या वाचक भगिनींना छुंद्याविषयी मी वेगळे सांगायला नको. कैरीचा कीस आणि साखर, वर फडके बांधलेली बरणी आणि आठ-दहा दिवसांचे कडक ऊन, एवढ्यावर तो मुरतो. निपाणी भागातला विडीचा तंबाखूसुद्धा उन्हातच तयार होतो. पण वाळवणे आणि मुरवणे वेगळे, शिजवणे वेगळे. नुसत्या उन्हात ठेवलेल्या पाण्यात तांदूळ शिजत नाहीत, कारण आलेली उष्णता वाऱ्यावाटे निघून जाते. आलेली उष्णता कोंडून कशी ठेवायची, हाच या चुलीचा सगळा प्रश्न.

या प्रश्नाला पहिल्यांदा शास्त्रशुद्ध हात घातला तो जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने. १७६७ साली त्याने काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या. आतल्या पेटीतले तापमान ८७ अंश सेल्सियसच्या आसपास गेले आणि आत ठेवलेली फळे शिजली. पुढे त्याने लाकडाची पेटी केली, आतून काळे केलेले बुचाचे अस्तर लावले आणि वर काचेचे तीन थर बसवले. पारा १०९ अंशांपर्यंत चढला. हीच पेटी घेऊन तो डोंगरावर गेला. तिथली हवा सखल भागापेक्षा पुष्कळ थंड होती, तरी पेटीतले तापमान जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे ही पेटी हवेच्या उष्णतेवर चालत नाही, किरणांवर चालते. थंडीच्या दिवसांतही ती काम देते याचे कारण हेच.

त्यानंतर १८३० च्या दशकात जॉन हर्शेल हा ज्योतिर्विद दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात आकाशनिरीक्षणासाठी राहिला होता. त्याने महोगनीची लहानशी पेटी आतून काळी करून वर काच बसवली आणि भोवती वाळू लोटली. तापमान ११५ अंशांच्या आसपास पोचले. अंडी, फळे आणि मांस त्यात शिजवून त्याने बघ्यांना खाऊ घातले. फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो हा तूर येथील शाळेतला गणिताचा शिक्षक (आमच्याच बिरादरीतला म्हणायचा) धातूचे चकाकते परावर्तक वापरू लागला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून चक्क बर्फ तयार करून दाखवला. पुढे कोळसा स्वस्त झाला आणि मूशोच्या मागचे सरकारी पाठबळ आटले.

आता मुंबईकडे वळू. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज गृहस्थ तिथे डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर होता. मूशोचे प्रयोग त्याने वाचले होते. धातूचे वक्र परावर्तक महाग पडतात आणि लवकर काळवंडतात, हे ओळखून त्याने साधे सपाट आरसे वापरायचे ठरवले. अनेक आरशांची तोंडे एकाच ठिकाणी वळवून त्याने मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्यापाशी बाष्पक तापवला आणि त्यावर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. त्याने चूलही केली. लाकडी सांगाड्याला आतून आठ बाजूंनी आरसे, मध्ये भांडे आणि भांड्यावर काचेचे आवरण, अशी तिची रचना. जानेवारी म्हणजे मुंबईचा सर्वांत थंड महिना. त्या महिन्यात सात सैनिकांचा शिधा, मांस आणि भाज्या, या चुलीवर दोन तासांत शिजला अशी नोंद आहे. त्याचा ग्रंथ १८७८ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातील देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, असा त्याचा विषय होता, आणि त्याला पारितोषिकही लाभले.

हे साल वाचकांनी क्षणभर ध्यानात धरावे. १८७६ ते १८७८ ही दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षे. आमचा बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी या जिल्ह्यांनी त्या दुष्काळात फार सोसले. आणि १८७८ सालीच हिंदुस्थान सरकारचा वनकायदा झाला. राखीव, संरक्षित आणि ग्राम अशा वर्गांत जंगले वाटली गेली आणि पिढ्यानपिढ्या डोक्यावरून आणलेली मोळी हा हक्क न राहता सवलत झाली. काही ठिकाणी तर गुन्हा झाली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्याविषयी जो संताप व्यक्त केला, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते. म्हणजे ज्या वर्षी इलाख्याच्या राजधानीत लाकडाशिवाय अन्न शिजवण्याचा ग्रंथ छापला गेला, त्याच वर्षी इलाख्यातल्या खेड्यांचे लाकूड कायद्याने अडवले गेले. या दोन गोष्टींची गाठ कोणी घालून दिली नाही. दाखला दिला तो सैनिकांच्या शिध्याचा. शेतकऱ्याच्या घरातल्या आमटीचा नव्हे. इतिहास शिकवणाऱ्याला इथे थांबावेसे वाटते.

स्वातंत्र्यानंतर हा विषय पुन्हा वर आला. त्याआधी १९४५ च्या सुमारास जमशेदपूरच्या एम. के. घोष यांनी आरसा लावलेली पेटीची चूल केली होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एम. एल. घई यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खोलगट तबकडीची चूल तयार केली. तबकडीने किरण एका बिंदूवर गोळा करायचे आणि तिथे भांडे ठेवायचे. यंत्र म्हणून ते उत्तम होते. पण सूर्य सरकेल तशी तबकडी दर थोड्या वेळाने फिरवावी लागे. आणि स्वयंपाक करणारीने भर दुपारी उन्हात उभे राहून भांडे ढवळायचे! चूल बाजारात आली, पण घराघरात गेली नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने सगळ्या जगाचे डोळे उघडले. १९८२ साली केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग काढला आणि पेटीच्या सूर्यचुलीला अनुदान दिले. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांच्या गच्चीवर अशी पेटी होती. सुटकेसएवढा आकार, झाकणाला आरसा, खाली दुहेरी काच आणि आत काळी चार भांडी. पहिली दोन वर्षे त्यांच्या घरचे वरण तीतच शिजे. मग आरसा डागाळला, रबराची पट्टी सुटली. जिथून पेटी घेतली त्या कचेरीत विक्रीची पावती फाडायला माणूस होता, दुरुस्तीला नव्हता. पुढे त्या पेटीत जुनी वर्तमानपत्रे राहू लागली. नव्वदच्या दशकात अनुदानही थांबले.

परदेशात याच काळात वेगळी वाट शोधली गेली. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात बार्बरा केर आणि शेरी कोल या दोघींनी पुठ्ठ्याच्या खोक्यांची, कोणालाही घरी करता येईल अशी चूल प्रचारात आणली. स्वयंपाक करणाऱ्या हातांनीच चूल घडवावी, हा त्यातला खरा नवा विचार. तो वाचून मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात नववीच्या मुलामुलींकडून तशी चूल करवून घेतली. कृती सोपी आहे, म्हणून देतो.

पुठ्ठ्याची दोन खोकी घ्यावीत. एक दुसऱ्यात बसून चारी बाजूंनी आणि तळाशी दोन-दोन इंच जागा राहील अशी. या जागेत चुरगाळलेले वर्तमानपत्र किंवा भाताचे कोरडे तूस भरावे; ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आतल्या बाजूंना खळीने अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवावी आणि तळाला काळा रंग दिलेला पत्रा ठेवावा. तोंडावर काच बसवावी आणि तिच्या कडेखाली जुन्या फडक्याची पट्टी द्यावी, म्हणजे वाफ निसटत नाही. झाकणाला आतून फॉइल लावून ते काडीच्या टेकूने असे कलते ठेवावे की उजेड सरळ काचेतून आत पडेल. काच उजेडाला वाट देते, पण काळ्या पत्र्यातून निघणारी उष्णता अडवते. सारे मर्म एवढेच. भांडे पातळ पत्र्याचे, बाहेरून काळे आणि झाकणाचे असावे. पहिल्या दिवशी रिकामी पेटी उन्हात तापू द्यावी, म्हणजे रंगाचा वास निघून जातो. भांडे काढताना जाड फडके घ्यावे आणि फॉइलच्या झगझगाटाकडे टक लावून पाहू नये.

आमच्या पेटीत दुपारी प्रयोगशाळेतला तापमापक ९० अंशांच्या पुढे गेला. अन्न शिजायला ८० अंशांच्या वरचे तापमान टिकले तरी पुरते, फक्त वेळ अधिक लागतो. पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालायचे आणि पुन्हापुन्हा झाकण उघडायचे नाही. उघडले की कोंडलेली उष्णता गेलीच. साडेदहाला ठेवलेला भात दीडला मोकळा शिजला. भिजवलेली तूरडाळ, रताळी, लाल भोपळा हेही झाले. भुईमुगाचे दाणे तर असे खमंग भाजले गेले की मोजणी करेपर्यंत निम्मे संपले. फोडणी आणि भाकरी मात्र या पेटीच्या आवाक्यातली नव्हे. त्यांना लागते तेवढी आच ती देऊ शकत नाही.

शाळेच्या माध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मी भात चाखायला दिला. त्या म्हणाल्या, “भात चांगला झालाय की सर. पण तुमचं ऊन दहाला वर येतंय, आणि माझा डबा साडेआठला शेताकडं जातोय. रात्रीच्याला काय करायचं?”

अडीचशे वर्षांच्या या इतिहासात विचारायचा राहून गेलेला प्रश्न मला या तीन वाक्यांत सापडला. आपल्याकडच्या कष्टकरी घरातला स्वयंपाक पहाटे होतो आणि दिवेलागणीला होतो. मधल्या वेळेत, जेव्हा सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा घरची बाई रानात असते. पेटीच्या काचा मोजल्या गेल्या, आरशांचे कोन मोजले गेले. बाईचा दिवस कोणी मोजला नाही. आणि चूल पसरली नाही की लोक अडाणी आहेत, रूढी सोडत नाहीत, असा शेरा मारून मोकळे झाले.

जिथे हा प्रश्न ध्यानात घेतला गेला तिथे यश आले. वोल्फगँग शेफलर या संशोधकाने अशी तबकडी घडवली की ती स्वतः सूर्याबरोबर फिरते आणि किरण एका ठरावीक जागी, अगदी स्वयंपाकघराच्या आतही, पोचवते. रांधणारा माणूस सावलीत राहतो. हे तत्त्व पुढे मोठ्या स्वयंपाकघरांत वाफ तयार करण्यासाठी वापरले गेले. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयासाठी अशा ७३ तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचे जेवण शिजू लागले. यात्रेच्या ठिकाणी पंगती दुपारभर चालतात, रोज चालतात आणि देखभालीला माणसे असतात. तिथे सूर्याचे आणि स्वयंपाकाचे वेळापत्रक जुळले. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात बांचा या गावी आयआयटी मुंबईच्या रचनेच्या चुली घरोघर बसल्या. त्या पॅनेलच्या विजेवर चालतात आणि वीज साठवली जात असल्याने सूर्य मावळल्यावरही पेटतात. इंडियन ऑइलने २०२२ साली ‘सूर्य नूतन’ ही घरात वापरायची चूल पुढे आणली. मावशींच्या प्रश्नाला उत्तर मिळू लागले आहे. ते खेड्यातल्या कमाईला परवडेल का, हा पुढचा प्रश्न.

तोवर काय? २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यात पोचला हे खरेच; पण टाकी भरून आणायचे पैसे नसले की ती कोपऱ्यात राहते आणि खानापूरच्या जंगलकडेने मोळ्या चालू लागतात. धुराने चुरचुरणारे डोळे आणि सकाळचा खोकला हे आमच्या वर्गातल्या मुली घरूनच घेऊन येतात. पुठ्ठ्याच्या पेटीने हे सगळे संपेल असे मी म्हणणार नाही. पावसाळ्याचे चार महिने तर तिचे नावही काढायला नको. पण दिवाळीपासून वैशाखापर्यंत, घरी म्हातारी माणसे किंवा सुट्टीतली पोरे असताना, दुपारची डाळ आणि रात्रीच्या आमटीचे कडधान्य तीत फुकट शिजते. तेवढे लाकूड वाचते, तेवढा गॅस वाचतो, तेवढा धूर कमी होतो. गुणाप्रमाणे काम दिले तर ती कामाची आहे.

१८७८ च्या कायद्याने जंगल राखीव झाले. ऊन मात्र आजवर कोणाला राखीव करता आलेले नाही. यंदाही दिवाळीची सुट्टी संपली की नववीचा नवा वर्ग खोकी गोळा करील. फरक एवढाच की या वेळी मोजमापाची वही उघडण्याआधी प्रत्येकाने घरी जाऊन आपल्या आईच्या दिवसाचे वेळापत्रक लिहून आणायचे आहे. पेटीची मापे त्यानंतर ठरतील.