'आम्ही' की 'आपण'?

नव्या सुनेला पहिल्या होळीला सासूबाई सांगतात, 'आमच्याकडे पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागतेच.' काही वर्षांनी त्याच सासूबाई त्याच सुनेला म्हणतात, 'आपल्याकडे पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागतेच.' वाक्य तेच आहे, बदलले आहे फक्त सर्वनाम. परंतु तेवढ्या बदलाने सून पाहुण्याच्या पाटावरून घरच्या माणसाच्या पाटावर येऊन बसली. असा बदल कोणी जाहीर करीत नाही. बोलणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. ऐकणाऱ्याच्या मात्र नेमका येतो.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की त्यात बोलणारा आणि त्याच्या बाजूची माणसे येतात. ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की ऐकणाराही आत येतो. 'आम्ही सिनेमाला चाललो आहोत' ही माहिती आहे. 'आपण सिनेमाला जाऊ' हे आमंत्रण आहे. मराठी माणूस हा भेद शाळेत जाण्यापूर्वीच शिकलेला असतो आणि त्यात सहसा चुकत नाही.

हा भेद सर्व भाषांत नाही. संस्कृतात तो नव्हता, इंग्रजीत नाही आणि प्रमाण हिंदीतही एकट्या 'हम'वर दोन्ही अर्थांचा भार पडतो. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' अशी जोडी आहे. तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम', तर तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' हे शब्द हेच काम करतात. मराठीला हा विशेष द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासातून लाभला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. शब्द मात्र आपल्याच वंशातले आहेत. 'आम्ही' हे प्राकृतातील 'अम्हे'चे रूप, तर 'आपण'चे मूळ संस्कृत 'आत्मन्' या शब्दात आहे.

एका शब्दाची तीन कामे

मूळचा अर्थ 'स्वतः' असल्यामुळे 'आपण' हा शब्द एकाच वेळी तीन कामे करतो. तो ऐकणाऱ्याला सामावून घेतो, आदरार्थी 'तुम्ही'च्या जागी येतो आणि कर्त्याकडे परत बोटही दाखवतो. 'आपण कधी निघणार?' या प्रश्नात विचारणारा स्वतः निघणार आहे की नाही, हे पुढे 'आहोत' येते की 'आहात' यावरच ठरते. 'त्याने आपले घर विकले' हे वाक्य तर अधिकच अवघड आहे. त्याने स्वतःचे घर विकले, की तुमचे-माझे सामाईक घर विकले? पहिल्या अर्थी तो व्यवहार आहे. दुसऱ्या अर्थी कदाचित भाऊबंदकी.

मुंबईच्या बोलीत 'आपण नाही बुवा येणार' असे म्हणणारा एकटाच असतो. तेथे 'आपण' म्हणजे चक्क 'मी'. उलट 'आमचे हे आज उशिरा येणार' असे सांगणारी गृहिणीही एकटीच असते. तिच्या 'आमचे'मध्ये पती आहे, घर आहे आणि पतीचे नाव न घेण्याची जुनी रीतही आहे.

आत्मकथनांची नावे

ही रीत साहित्यात ठळकपणे दिसते ती रमाबाई रानडे यांच्या आत्मकथनात. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी नऊ वर्षे न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले होते आणि पुण्यात सेवासदनाचे काम रमाबाईंनी हाती घेतले होते. तरीही शीर्षकात 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. पुस्तकात पतीचा उल्लेख त्या 'स्वतः' या सर्वनामाने करतात. 1938 च्या इंग्रजी अवताराला 'हिमसेल्फ' हे नाव मिळाले ते त्यावरूनच. एका बाईच्या आत्मकथेचे नाव तिच्या पतीचे सर्वनाम व्हावे, यात त्या काळाचे सारे कौटुंबिक व्याकरण आले.

मराठीत 'मी गेले' म्हणताच बोलणारी स्त्री आहे हे कळते. 'आम्ही गेलो' म्हटले की ते कळत नाही. अनेकवचनात व्यक्तीबरोबर तिचे स्त्रीत्वही झाकले जाते. मलिका अमर शेख यांनी 1984 मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या शीर्षकाने आपली कहाणी सांगितली, तेव्हा त्यातील 'मला' हा शब्द म्हणूनच लक्षात राहिला.

मात्र प्रत्येक 'आम्ही' झाकण्यासाठी नसतो. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' प्रथम 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. घरच्यांच्या नजरेआड लिहून, अनेक वर्षे लपवून ठेवलेले हे लेखन. त्यातील 'आमुचं' म्हणजे पती-पत्नी नव्हेत; तो महार समाज आहे, आणि त्या समाजातही दुहेरी जाच सोसणाऱ्या बाया आहेत. येथे 'जिणं आपलं' असे म्हणता आले असते का? व्याकरणाने आडकाठी केली नसती. पण मग वाचकही त्या जगण्याचा वाटेकरी ठरला असता आणि ज्यांनी ते सोसले नाही त्यांनाही त्यात फुकटची जागा मिळाली असती. 'आमुचं' हा शब्द सवर्ण वाचकाला उंबऱ्यापाशी थांबवतो आणि ऐकायला सांगतो. पुस्तकाच्या हिंदी अनुवादाचे नाव 'जीवन हमारा' आहे. नाव चुकीचे नाही; पण 'हमारा'मध्ये वाचक आत की बाहेर, हे सांगण्याची सोयच नाही.

'आपण'ची कुंपणे

यावरून 'आम्ही' दूर लोटणारे आणि 'आपण' जवळ घेणारे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा आपल्यातलाच आहे' असे म्हटले जाते, तेव्हा त्या 'आपल्यातला'चा अर्थ जात हाच असतो. 'आम्ही' ही रेघ बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये ओढतो. 'आपण' तीच रेघ दोघांच्या पाठीमागे नेतो. रेघ पुसली जात नाही, पलीकडची माणसे तेवढी बदलतात. निवडणुकीत 'आपला माणूस' म्हणून मत मागितले जाते, तेव्हा त्या 'आपला'च्या पलीकडे कोण उभे आहे, हे पाहण्यासारखे असते.

26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेल्या संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी पाठ 'आम्ही' या शब्दाने सुरू होतो. 'आपण' तेथे शोभला नसता. त्याने घोषणेचा संवाद झाला असता, शिवाय कोणी तो आदरार्थी 'तुम्ही' म्हणूनही वाचला असता. पण हा 'आम्ही' नेहमीचा नव्हे. त्याच वाक्याच्या शेवटी 'स्वतःप्रत' हा शब्द येतो. देणारे आणि घेणारे एकच असल्याने या 'आम्ही'बाहेर कोणताही भारतीय श्रोता उरत नाही. कुंपणाविना 'आम्ही' म्हणण्याचे मराठीतील हे दुर्मीळ उदाहरण आहे.

एरवी आपल्या घरात, कचेरीत, सोसायटीच्या सभेत हे दोन शब्द रोज आपले काम करीतच असतात. भावाभावांत वाटणी होते, त्याची नोंद सातबाऱ्यावर नंतर होते. त्याआधीच केव्हातरी 'आपले घर' म्हणणारा भाऊ 'आमचे घर' म्हणू लागलेला असतो.