दोन पंच आणि एक समुपदेशक

गेल्या रमजान ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊनच भाचीने जाहीर केलं, की एमएसडब्ल्यू झाल्यावर तिला विवाह समुपदेशक व्हायचं आहे. तिचे चाचा हसले. म्हणाले, "नवरा-बायकोची भांडणं सोडवून पोट भरतं का? हे काम तर आपली जमात फुकट करते."

चाचांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कुरआनच्या सूरह निसामधली पस्तिसावी आयत सांगते, की पती-पत्नीत बेबनावाची भीती वाटली तर एक पंच नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा नेमावा आणि समेटाचा प्रयत्न व्हावा. म्हणजे तुटण्याआधी बसून ऐकण्याची शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. प्रश्न आहे तो आपण ती कशी पाळली याचा.

माझे अब्बा बरीच वर्षं जमातीच्या पंचांत बसत. मी शाळेत असताना आमच्या गल्लीतली एक मुलगी माहेरी परत आली. बैठक आमच्याच ओसरीवर झाली. नवऱ्याकडून त्याचे चुलते आले. मुलीकडून तिचे मामू बसले, आणि मामूंवर सासरच्यांचं कर्ज होतं. मुलगी पडद्यामागे होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तासाभरात समेट झाला, चहा झाला, तिला परत पाठवलं. सहा महिन्यांनी तिच्या तलाकचं पोस्टकार्ड आलं. त्यानंतर अब्बा पंचांत बसले नाहीत. पुढे एकदाच ते बोलले, "दोन्ही बाजूंचे पंच होते, पण पोरीच्या बाजूचं कुणीच नव्हतं."

हा सल एकट्या अब्बांचा नव्हता. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळाचे सय्यदभाई या चळवळीत आले ते सख्ख्या बहिणीचा तलाक पाहून. तलाक मिळालेल्या बाईचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेणं, हेच तेव्हा मोठं काम होतं.

१९८४ साल या पेशाच्या दृष्टीने महत्त्वाचं. त्या वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. त्याच वर्षी कुटुंब न्यायालय कायदा झाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात असं न्यायालय असावं, त्याने आधी तडजोडीचा प्रयत्न करावा आणि मदतीला समुपदेशक असावेत, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. तिथला समुपदेशक दोघांना वेगवेगळं भेटतो, मग एकत्र बसवतो. त्याच्यापुढे बोललेलं गुप्त राहतं. निकाल देणं त्याचं काम नाही.

२००२ मध्ये दोन धागे एकत्र आले. शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तलाकला सबळ कारण हवं आणि त्याआधी दोन्हीकडच्या पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानेही तशीच भूमिका घेतली. जे आपण ओसरीवर चहापाण्यात उरकत होतो, ते न्यायालयाने अट म्हणून पुढे ठेवलं.

पश्चिमेकडून आलेलं ते सगळं स्वच्छ, असंही नाही. अमेरिकेत पॉल पोपेनो यांनी १९३० मध्ये लॉस एंजेलिसला विवाह-समुपदेशनाचं केंद्र काढलं, त्यामागे 'चांगल्या वंशाची' लग्नं टिकावीत हा सुप्रजननवादी आग्रह होता. कॅलिफोर्नियात या पेशासाठी परवान्याचा कायदा आला तो १९६३ मध्ये. लग्न टिकवणारा माणूस कुणासाठी टिकवतोय, हा प्रश्न तिथेही होताच.

तो आजही आहे. पदवी घेतलेला समुपदेशकही "बाई, थोडं सोसा, मुलांकडे बघा" म्हणू शकतो. मग त्याच्यात आणि त्या मामूंमध्ये फरक काय राहिला? मारहाण होत असेल तिथे समेट हा शब्दच जपून वापरावा लागतो. खुला मागणाऱ्या बाईला तिचा हक्क नीट समजावून सांगणं, मेहर आणि मुलांच्या खर्चाचं आधी बोलणं, हेही याच कामात येतं. भाचीला मी एवढंच सांगितलं.

चाचांना मात्र उत्तर द्यायचं राहिलं होतं. जमात हे काम फुकट करते हे खरं, पण फुकटच्या न्यायाची किंमत आमच्या गल्लीतल्या एका मुलीने मोजली आहे. ऐकायलाही शिकावं लागतं. जमातीच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे, की घरगुती वाद आला तर पंचांबरोबर एक शिकलेली समुपदेशक बसावी आणि मुलीला आधी एकटीला विचारलं जावं. विरोध होईल. अब्बा असते तर त्यांनी हात वर केला असता, असं मला वाटतं.