सौसरचे खडक आणि गोंडांचे नाव

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे पुरातनत्वाची परिसीमा, असे आपण महाराष्ट्रीय मंडळी मानीत आलो. वस्तुतः तो लाव्हा थिजला त्यास जेमतेम साडेसहा कोटी वर्षे झाली. आपल्या भूमीचे खरे वार्धक्य पाहावयाचे, तर नागपूरच्या उत्तरेस मनसर-देवलापारच्या बाजूस गेले पाहिजे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसरच्या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा भंडारा-बालाघाटपर्यंत पसरला आहे.

हे खडक मूळचे समुद्रतळीचे. चिखल, वाळू, चुना व मँगॅनीजयुक्त गाळ यांचे थर तेथे साचले. पुढे उत्तरेकडील बुंदेलखंडाचा व दक्षिणेकडील बस्तरचा भूखंड एकमेकांस भिडले. मधले थर खोल दडपले, तापले, घड्या पडून पिळवटले. यातील शेवटची मोठी उलथापालथ सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची. बहुतेक खडक वितळले नाहीत; घन असतानाच त्यांनी रूप पालटले. चिखलाचा अभ्रकाने चमकणारा शिस्ट झाला, चुन्याचा संगमरवर झाला. आणि मँगॅनीजच्या गाळात जेथे माती व वाळू मिसळली होती, तेथे गार्नेट व गारगोटी यांचा खडक तयार झाला.

या खडकाचे मूळ गाळाचे आहे, हे एल. एल. फर्मोर यांनी ओळखले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मँगॅनीजवरील आपल्या बृहद्ग्रंथात त्यांनी त्याचे वर्णन केले. तेथील गोंड लोकांवरून त्यास ‘गोंडाइट’ म्हटले. पुढे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी देवलापारचे डोंगर पायाखाली घातले आणि १९३६ साली दाखवून दिले की, येथील थर जागच्या जागी नाहीत. आल्प्सप्रमाणे त्यांच्या प्रचंड चादरी एकमेकींवर सरकल्या आहेत. पुढील संशोधकांनी तपशिलात फेरफार केले. परंतु ‘अचल’ म्हणविणारी धरणी चळते, ही गोष्ट नागपूरच्या उंबरठ्यावर सिद्ध झाली.

पारतंत्र्यात येथील खनिज परदेशच्या पोलादभट्ट्यांकडे गेले. १९६२ साली सरकारी भागीदारीची कंपनी स्थापन झाली, आणि खाणी आजही चालू आहेत. ज्यांच्या रानातून हे धन निघाले त्यांचे नाव दगडाला मिळाले खरे; पण दगडाला नाव देणे म्हणजे माणसांचे ऋण फेडणे नव्हे. शेताचे पीक पुढल्या साली पुन्हा येते. हे पीक पिकावयास मात्र समुद्र आटावा लागला, भूखंड भिडावे लागले. ते एकदाच काढता येते, म्हणून त्याचा हिशेब आपण अधिक काटेकोर ठेवला पाहिजे.