लॉगरिदमचे तक्ते आणि निष्ठेचा प्रश्न

ऑगस्ट १९५०. चीनला निघालेल्या काही पेट्या लॉस एंजेलिसमध्ये कस्टमवाल्यांनी अडवल्या. आत सुमारे ८०० किलो पुस्तकं आणि कागद. आकड्यांनी खच्चून भरलेली पानं दिसताच सांकेतिक लिपी हाती लागल्याचा संशय आला. निघाले लॉगरिदमचे तक्ते!

पेट्या चिनी रॉकेटशास्त्रज्ञ च्येन श्वेसेन यांच्या होत्या. १९३५ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आलेले च्येन पुढे कॅलटेक विद्यापीठात वायुगतिकीतज्ज्ञ थिओडोर फॉन कार्मान यांचे पट्टशिष्य झाले आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. १९४५ मध्ये तर अमेरिकेने त्यांना कर्नलचा हुद्दा देऊन हरलेल्या जर्मनीत धाडलं. रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउनची चौकशी करणाऱ्यांत हा चिनी नागरिक होता. चीन तेव्हा दोस्तराष्ट्र होता; कुणाला काही खटकलं नाही.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली. त्याच वर्षी च्येन यांनी अमेरिकी नागरिकत्वासाठी अर्ज केला होता.

जून १९५० मध्ये एफबीआयची माणसं चौकशीला आली. १९३८ च्या सुमारास च्येन ज्या मित्रांच्या बैठकांना जात, ती कम्युनिस्ट पक्षाची शाखा होती, असा आरोप. च्येन यांनी साफ इन्कार केला, तरी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामाचा परवाना, गेला. संशोधनच बंद पडल्यावर त्यांनी मायदेशी जायचं ठरवलं, तर तेही नाही. टर्मिनल आयलंडवर दोन आठवडे कोठडी, मग १५ हजार डॉलरचा जामीन.

सुनावणीत सरकारी वकिलाने थेट विचारलं: युद्ध झालं तर तुम्ही कुणाच्या बाजूने? आपली निष्ठा चिनी जनतेशी आहे, आणि अमेरिका त्या जनतेच्या भल्यासाठी लढणार असेल तर आपण अमेरिकेच्या बाजूने लढू, अशा आशयाचं उत्तर च्येन यांनी दिलं. ‘हो’ किंवा ‘नाही’च्या चौकटीत ते बसणारं नव्हतं.

सिक्युरिटी क्लिअरन्स देण्याच्या अमेरिकेच्या आजच्या नियमांत मात्र निष्ठा, परकीय प्रभाव आणि परक्या देशाला झुकतं माप अशी तीन स्वतंत्र कलमं आहेत. आईवडील पुण्यात राहतात एवढ्यावरून मूळच्या मराठी अमेरिकी इंजिनिअरचा क्लिअरन्स आपोआप नाकारला जात नाही. त्या नात्याआडून त्याच्यावर दबाव आणता येईल का, हे पाहिलं जातं.

च्येन यांची पाच वर्षं पाळतीखाली गेली. सप्टेंबर १९५५ मध्ये ते जहाजाने निघाले. पुढे चीनची क्षेपणास्त्रं त्यांच्या देखरेखीखाली घडली. २४ एप्रिल १९७० रोजी चीनचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. अमेरिकेत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कॅलटेकने १९७९ मध्ये दिलेला माजी विद्यार्थ्याचा सन्मान अखेर एका जुन्या सहकाऱ्याने बीजिंगला नेऊन त्यांच्या हाती ठेवला.