मोरस साखर आणि गिरमीट : एका तराजूचीं दोन मापें

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील वाण्यांच्या वह्या आणि घरगुती जमाखर्चाचीं बाडें चाळणारांस ‘मोरस साखर’ हा शब्द अपरिचित नाहीं. मोरस म्हणजे मॉरिशस बेट. तेथून येणारी पांढरी दाणेदार साखर ती मोरस साखर. गुजराथी भाषेंत तर मोरस हें साखरेचेंच एक नांव होऊन बसलें. शब्द राहिला, परंतु त्या शब्दामागें असलेलीं माणसें आमच्या इतिहासलेखनांतून बहुतेक लुप्त झालीं. त्या माणसांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील मराठी कुटुंबेंही होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रस्तुत विषय आम्हांस परका राहत नाहीं. तथापि त्या माणसांची केवळ करुण कथा सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या श्रमावर वेगानें वाढलेल्या अर्थव्यवहाराचा न्याय त्या काळीं कोणत्या मापानें केला गेला, आणि आज तसल्याच अर्थव्यवहारांचा न्याय आपण कोणत्या मापानें करितों, हा प्रश्न येथें मांडावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मॉरिशस इंग्रजांनीं इ. स. १८१० मध्यें फ्रेंचांपासून जिंकून घेतलें. इ. स. १८२५ मध्यें तेथील साखरेस विलायतेंत वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात बसूं लागली आणि उंसाची लागवड झपाट्यानें वाढली. ही लागवड गुलामांच्या हातांनीं होत असे. इ. स. १८३३ च्या कायद्यान्वयें गुलामगिरी रद्द झाली. मॉरिशसांत त्याचा अंमल ता. १ फेब्रुवारी १८३५ पासून सुरू झाला. साम्राज्यांतील गुलामांच्या धन्यांस दोन कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली. त्यांपैकीं मॉरिशसच्या वांट्यास वीस लक्षांहून अधिक पौंड आले. ज्यांस गुलाम केलें होतें त्यांस मात्र कांहींच मिळालें नाहीं.

कायदा अमलांत येण्यापूर्वींच मळेवाल्यांनीं पुढची तजवीज केली होती. ता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलास’ नांवाच्या जहाजांतून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरांत उतरले. त्यानंतर इ. स. १९१० पर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें या बेटावर गेलीं. करारास इंग्रजींत जो शब्द आहे, त्याचा अपभ्रंश ‘गिरमीट’, आणि त्यावर अंगठा उठविणारा तो गिरमिट्या. पगार महिना पांच रुपये व शिधा. कामावर एक दिवस न आल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. यास तेथें ‘दुहेरी कपात’ म्हणत. आजाराचे दिवसही पुष्कळदा गैरहजेरींतच मोडत. करार मोडणें हा मजुराच्या बाबतींत फौजदारी गुन्हा होता. इ. स. १८६७ च्या कायद्यानें तर गिरमीट संपलेल्या माणसासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून त्यास अटक होई.

येथें आमच्या प्राचीन शास्त्राकडे थोडें वळून पाहिल्यास अस्थानीं होणार नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत दास व कर्मकर यांच्यासंबंधीं नियम आहेत. वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकास दंड सांगितला आहे, तसा वेतन न देणाऱ्या धन्यासही सांगितला आहे; आणि व्याधि किंवा संकट असल्यास भृतकास सवलत दिली आहे. त्या ग्रंथास दास्य मान्य होतें, तेव्हां त्याची उगाच स्तुति करण्याचें कारण नाहीं. परंतु दंड उभयपक्षीं असावा आणि आजार हा अपराध नव्हे, एवढ्या दोन गोष्टी ज्या ग्रंथास ठाऊक होत्या, त्याच्यानंतर दोन सहस्र वर्षांच्या आसपास एका सुधारलेल्या राष्ट्राच्या वसाहतींत त्या व्यवहारांतून हरपल्या होत्या, हें नमूद केलेंच पाहिजे.

या स्थितीस वाचा फोडली ती आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय गृहस्थानें. इ. स. १८७१ मध्यें त्यानें ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरास सादर केला. मळेवाले त्याच्यावर चवताळले, पण इ. स. १८७२ मध्यें शाही चौकशी मंडळ नेमणें सरकारास भाग पडलें. फ्रेअर व विल्यमसन या दोघांनीं इ. स. १८७५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत दुहेरी कपात, थकलेले पगार व पोलिसांची धरपकड या तक्रारींत तथ्य असल्याचें दाखवून दिलें. इ. स. १८७८ मध्यें नवा मजूर कायदा झाला. गिरमीट मात्र चालूच राहिलें.

आतां मुख्य मुद्दा. मॉरिशसपासून सुमारें दोनशें किलोमीटरवर रियुनियन हें फ्रेंचांचें बेट आहे. तेथेंही ऊंस, तेथेंही हिंदी मजूर. इ. स. १८६० च्या करारानें इंग्रजांनीं फ्रेंचांस तेथें मजूर नेण्याची परवानगी दिली. पुढें तेथील जुलमांच्या कागाळ्या आल्या, इ. स. १८७७ मध्यें इंग्रज व फ्रेंच अधिकाऱ्यांनीं मिळून चौकशी केली, आणि इ. स. १८८२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें रियुनियनकडील भरती बंद केली. हें योग्यच झालें. पण ज्या दोषांसाठीं फ्रेंच बेटाचें दार लावलें गेलें, त्याच जातीचे दोष सात वर्षांपूर्वीं इंग्रजांच्याच चौकशी मंडळानें इंग्रजांच्याच बेटावर नोंदविले होते. तेथें काय झालें? तेथें कायदा सुधारला आणि भरती पुढें अठ्ठावीस वर्षें चालू राहिली. परक्याच्या घरीं दिसला तो जुलूम, आपल्या घरीं दिसली ती सुधारणेस पात्र अशी अव्यवस्था. संस्कृत शास्त्रकार यास अर्धजरतीय न्याय म्हणतात: वस्तूचा सोयीचा अर्धा भाग घ्यावयाचा आणि गैरसोयीचा अर्धा टाकावयाचा.

हें एकच उदाहरण असतें तर आम्हीं त्यावर एवढा भर दिला नसता. इ. स. १८४६ मध्यें विलायतेच्या पार्लमेंटानें साखरेवरील जकातींचा कायदा केला, त्याचा परिणाम म्हणून क्यूबा व ब्राझील येथील गुलामांनीं पिकविलेली साखर हळूहळू इतर साखरेच्या बरोबरीनें विलायतेंत विकूं लागली. क्यूबांत गुलामगिरी इ. स. १८८६ पर्यंत आणि ब्राझीलांत इ. स. १८८८ पर्यंत होती. गुलामगिरीचा निषेधही चालू आणि गुलामांची साखरही चालू. दुसरें असें कीं, करार मोडल्याबद्दल मजुरास तुरुंगांत घालण्याची पद्धति विलायतेंत इ. स. १८७५ मध्यें रद्द झाली. त्याच वर्षीं मॉरिशसचा अहवाल प्रसिद्ध होत होता. हिंदुस्थानांत मात्र त्याच तत्त्वावरील इ. स. १८५९ चा कायदा रद्द होण्यास इ. स. १९२५ साल उजाडावें लागलें. लँकेशायरच्या मजुराचें शरीर व रत्नागिरीच्या मजुराचें शरीर यांस दोन मापें होतीं.

एकच माप लावणारे पुरुष त्या काळींही होते. आमच्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर ना. गोपाळ कृष्ण गोखले यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. इ. स. १९१० मध्यें नाताळकडील भरती थांबविण्याचा ठराव त्यांनीं वरिष्ठ कायदे मंडळांत मांडला व तो मान्य झाला. ता. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं गिरमीट पद्धति सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. या दुसऱ्या ठरावाचें महत्त्व विशेष आहे. अमुक वसाहत बरी व अमुक वाईट असा वाद त्यांनीं मुख्य मानिला नाहीं. पद्धतिच अन्यायाची आहे, मग ध्वज कोणाचाही असो, असें त्यांचें प्रतिपादन होतें. इ. स. १९१५ मध्यें गोखले वारले, इ. स. १९१७ मध्यें भरती थांबली आणि इ. स. १९२० च्या आरंभीं उरलेलीं गिरमिटें रद्द झालीं.

हा इतिहास आज आठवण्याचें कारण उघड आहे. इराणच्या आखातालगतचीं अरब राज्यें गेल्या पन्नास वर्षांत तेलाच्या संपत्तीवर वेगानें वाढलीं. तेथील इमारती, रस्ते व बंदरें हिंदी, नेपाळी, बंगाली व इतर मजुरांनीं बांधिलीं. तेथील ‘कफाला’ पद्धतींत मजुराचा परवाना धन्याशीं जखडलेला असे. त्याच्या संमतीवांचून नोकरी बदलतां येत नसे आणि सोडून गेल्यास मजूर ‘फरारी’ ठरे. इ. स. २०२२ मध्यें कतार येथें फुटबॉलचे जागतिक सामने झाले, त्याच्या आधींपासूनच युरोपांतील वृत्तपत्रांनीं या पद्धतीवर कडक टीका केली. ती टीका खरी होती, आणि तिच्या दडपणाचा कांहीं उपयोगही झाला: इ. स. २०२० मध्यें कतारनें नोकरी बदलण्यास धन्याच्या संमतीची अट काढली व इ. स. २०२१ मध्यें महिना एक हजार रियाल किमान वेतन लागू केलें. पण टीकाकारांपैकीं किती जणांस आठवलें असेल कीं इ. स. १९१६ पासून इ. स. १९७१ पर्यंत कतार हें इंग्रजांच्याच संरक्षणाखालीं होतें, आणि करार मोडणाऱ्या मजुरास गुन्हेगार ठरविण्याची विद्या त्यांच्याच पूर्वजांनीं अर्ध्या जगास शिकविली होती?

तथापि येथें एका चुकीपासून सावध राहिलें पाहिजे. ‘तुम्हीही असेंच केलें’ एवढें म्हटल्यानें कोणीही निर्दोष होत नाहीं. मॉरिशसचा जुलूम दाखविल्यानें रियुनियनचा जुलूम पुसला जात नाहीं. प्रत्येक वाढत्या राष्ट्रास या घाटांतून जावेंच लागतें, मजूर स्वखुषीनें येतो, घरच्यापेक्षां त्यास अधिक मिळतें, हीं समर्थनें मळेवाल्यांनीं तेव्हां केलीं व आज कंत्राटदार करितात. त्यांत सत्याचा अंश आहे: पुष्कळ गिरमिट्यांनीं पैसा सांठविला, पुढें जमिनी घेतल्या, आणि त्यांच्या वंशजांनीं त्या देशाचें राज्य चालविलें. मराठी कुटुंबांनीं तेथें आपली भाषा जतन केली. गणेश चतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुट्टी असते. परंतु माणसानें संकटांतून वाट काढली, यावरून संकट न्याय्य होतें असें सिद्ध होत नाहीं.

आतां तराजू स्वतःकडे वळवूं. स्वराज्यानंतर महाराष्ट्रानें ज्या उद्योगाचा सर्वांत अभिमान बाळगिला, तो सहकारी साखर कारखान्यांचा. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें इ. स. १९५० च्या सुमारास लोणी येथें त्याचा पाया घातला गेला. ऊंस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला, ही मोठी गोष्ट होय. पण ऊंस तोडणारा कोण? तो बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या कोरडवाहू मुलखांतून येतो. मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडण्यासाठीं सहा महिने फडावर राहतो. नवरा-बायको मिळून त्यांस ‘एक कोयता’ म्हणतात. हत्याराच्या नांवानें माणसें मोजलीं जातात. खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंडही उचलीच्या हिशेबांत चढतो, असें त्या मजुरांच्याच तोंडून ऐकूं येतें. दुहेरी कपात याहून वेगळी काय होती? खाडा पडूं नये म्हणून गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रियांचा प्रश्न इ. स. २०१९ मध्यें विधिमंडळांत निघाला व चौकशी समिति नेमावी लागली.

आम्हीं तीसांहून अधिक वर्षें बालाघाटच्या डोंगराळ भागांतील एका शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. गिरमिटाचा धडा आला कीं आवेशानें शिकवीत असूं. तो धडा बहुधा मार्गशीर्षांत येई. आणि त्या वेळीं वर्गांतील कांहीं जागा रिकाम्या असत, कारण तीं मुलें आईबापांबरोबर फडावर गेलेलीं असत. इंग्रजांचा अन्याय फळ्यावर लिहून झाल्यावर आम्ही त्याच हातानें हजेरीपटांत त्या मुलांच्या नांवांपुढें ‘गैरहजर’ लिहीत असूं. तीं कोठें आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. तें लिहिण्यास रकाना नव्हता, आणि रकाना नाहीं हें कोणास सांगावें असेंही आम्हांस कधीं वाटलें नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस एक विनंति करून हा लेख संपवितों. मॉरिशसांतील मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत गिरमिट्यांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. त्यांत नांव, बापाचें नांव, जात, गांव व अंगावरील खुणा आहेत. मजुरांवर पाळत ठेवण्यासाठीं झालेल्या त्या नोंदींवरूनच आज त्यांचे वंशज कोंकणांतील आपलें मूळ गांव शोधीत येतात. आमच्या ऊंसतोड मजुरांविषयीं असें काय उरेल? मुकादमांच्या खिशांतील डायऱ्या, उचलीच्या चिठ्ठ्या, कारखान्यांच्या वजनकांट्यावरील पावत्या व शाळांचे हजेरीपट दरसाल रद्दींत जात आहेत. सनदा व वतनपत्रें यांच्याइतक्याच निष्ठेनें हे कागद जमविले पाहिजेत. कोणाच्या संग्रहीं असे कागद असल्यास, किंवा मोरसला गेलेल्या कुटुंबांचीं पत्रें असल्यास, त्यांनीं तीं मंडळाकडे पाठवावीं. आमच्या शाळेचे जुने हजेरीपट मिळविण्याची खटपट आम्हीं आरंभिली आहे.