ससूनमधला वर्ग

आमच्या आपानं दहावीनंतर नर्सिंगचा फॉर्म आणला होता. १९८४ साल. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सिस्टर रोज आमच्या दारावरून जायच्या. अब्बांनी फॉर्म वाचला, घडी घालून परत दिला. परक्या पुरुषांना हात लावायचा? रात्रपाळी करायची? विषय संपला.

पुढे रमाबाई रानड्यांविषयी वाचताना लक्षात आलं, हेच प्रश्न पुण्यातल्या सोवळ्या घरांनी सत्तर वर्षं आधी विचारले होते. मला तर जरा बरंच वाटलं. मोहल्ला काय नि पेठ काय!

रमाबाई आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या, देवराष्ट्र्याच्या. जन्म १८६२चा. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं, अक्षरओळख त्यानंतरची. घरातल्या बायकांचे टोमणे खात त्या इंग्रजी शिकल्या. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. १९०९मध्ये गो. कृ. देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. पण घरात कोपऱ्यात बसवलेल्या विधवेला स्वतःची भाकरी कमावता यावी, तर तिच्या हाती कोणतं काम द्यायचं, हा त्यांच्यापुढचा रोकडा प्रश्न होता. शिक्षिका होणं एकवेळ लोकांना चालत होतं. रुग्णसेवा मात्र परधर्मीय बायकांचं काम, त्यात कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं! तरीही १९११मध्ये ससून रुग्णालयात सेवासदनाच्या मुलींचं परिचारिका-शिक्षण सुरू झालं. नुसता वर्ग काढून भागणार नव्हतं. मुलगी राहणार कुठे, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे घरच्यांना सांगावं लागे. म्हणून वसतिगृह हवं, आणि त्यामागे रमाबाईंसारखीचा शब्द हवा.

एका स्नेहसंमेलनात केशवपन केलेल्या दोन विधवा बक्षीस घ्यायला मंचावर चढल्या, तेव्हा गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाईंनी तिथल्या तिथे त्या शिकल्यासवरल्या पोरांची कानउघाडणी केली. मला त्यांचं चरित्र आठवतं ते या प्रसंगाने. १९२४ साली त्या गेल्या, तोवर नर्स होणं निदान पुण्यात तरी अचाट राहिलं नव्हतं.

आमच्याकडे ते पोचायला वेळ लागला. अब्बा शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होते. एक तरुण सिस्टर त्यांना कुशीवर वळवून, न उठवता, खालची चादर बदलायची. अब्बा तिला ‘बेटी’ म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आपा उठली आणि म्हणाली, “सिस्टर, मलाही दाखवा, कसं करायचं ते.”